कुंडी, पोपडे आणि लुडबुड

पाऊस उघडला की घरोघरी दोन कामं निघतात: पोपडे आलेली दारं-भिंती खरवडणं आणि गॅलरीतल्या कुंड्या नव्याने भरणं. घरात लहान मूल असेल तर लुडबुड आलीच. कुंड्यांपाशी ती खुशाल करू द्या. मेथी पेरा, तीन-चार दिवसांत कोंब दिसतात, तेवढा धीर चार वर्षांच्या पोरालाही धरवतो. (माती उकरून ‘आलं का?’ बघणारच, म्हणून दाणे थोडे जास्त टाका.) गुलाबाच्या नादी तूर्त लागू नका. कण्हेर तर नकोच, तिचं सगळं झाड विषारी.

रंगकामाबाबत आम्ही कडक आहोत. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली. त्याआधीचा दारा-खिडक्यांवरचा ऑइलपेंट कोरडा घासला तर शिशाची धूळ उडू शकते, आणि रांगतं मूल ती बोटांवाटे थेट तोंडात नेतं. पृष्ठभाग ओला करून खरवडा, फरशी ओल्या फडक्याने पुसा, तोवर पोराची रवानगी आजीकडे.

आणि हो, दसरा-दिवाळीच्या तोंडावर रंगारी मिळत नाहीत. आजच सांगून ठेवा.