डोळे मिटलेला मेंढपाळ

मराठी प्रॉटेस्टंट मंडळीत धर्मगुरूला ‘पाळक’ म्हणतात. कळप राखणाऱ्याचाच हा शब्द. बिशपच्या हातातील वरून वळलेली काठीदेखील मूळची मेंढपाळाचीच. आपल्याकडे याचे नवल वाटू नये. कृष्ण तर गोपाळच, आणि बाणाईसाठी खंडोबा धनगराच्या घरी मेंढ्या राखायला राहिला, ही कथा जेजुरीच्या वाटेवर कुणीही सांगेल.

योहानाच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात, येशू स्वतःला उत्तम मेंढपाळ म्हणवतो. लांडगा आला की पगारी राखणदार पळतो, कारण मेंढरे त्याची नसतात; खरा मेंढपाळ त्यांच्यासाठी प्राण देतो. लूकच्या पंधराव्या अध्यायातील दृष्टांत त्याहून धाडसी आहे. शंभरांतले एक मेंढरू हरवते आणि मेंढपाळ नव्याण्णवांना रानात सोडून त्याच्या शोधात निघतो. हिशेबी माणसाला हा आतबट्ट्याचा व्यवहार वाटेल. पण सापडल्यावर तो त्याला रागावत नाही, काठीने हाकत नाही, तर खांद्यावर घेतो. रोममधील प्रिसिलाच्या भुयारी दफनभूमीत तिसऱ्या शतकातील भित्तिचित्रात नेमके हेच दृश्य आहे.

हा मेंढपाळ गोव्यात आला तेव्हा मात्र लहान मूल झाला. सतराव्या शतकात गोव्याच्या कारागिरांनी हस्तिदंतात बाल येशूच्या मूर्ती कोरल्या. त्यांतल्या काही आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. डोंगराच्या शिखरावर मांडी दुमडून बसलेले मूल. अंगात लोकरीचा आखूड अंगरखा, कमरेला पाण्याचा भोपळा, एक कोकरू खांद्यावर, एक मांडीवर. उजव्या हातावर गाल टेकलेला आणि डोळे मिटलेले. पाहणाऱ्याला ध्यानस्थ बुद्ध आठवतो, हे अनेक अभ्यासकांनी म्हटले आहे. 1567 च्या गोव्यातील धर्मसभेने हिंदू कारागिरांकडून ख्रिस्ती मूर्ती करवून घेण्यास मनाई केली होती. याचा अर्थ, करवून घेतल्या जात होत्या! मूर्ती राहिल्या, घडवणाऱ्यांची नावे राहिली नाहीत.

पण राखण करणाराच झोपला तर कळपाचे काय? याचे उत्तर धनगराच्या वाड्यावर मिळते. दिवाळीनंतर फलटणकडचे धनगर मेंढरे घेऊन पश्चिमेकडे उतरतात. नुकते जन्मलेले कोकरू घोड्यावरच्या ओझ्यात बसवतात, नाहीतर कुणीतरी कडेवर घेते. रात्री कुणाच्या तरी शेतात वाघर लावून मेंढरे कोंडतात आणि माणसे तिच्याजवळच अंग टाकतात. डोळा लागतो, पण कान उघडा असतो. कळपात जराशी चुळबूळ झाली, कुत्रे गुरगुरले, की घोंगडी बाजूला पडते. पुणे-सोलापूरच्या माळांवर लांडगा अजून आहे.

हस्तिदंतातल्या त्या मुलाची झोपही याच जातीची असावी. त्याच्या खाली डोंगरात झरा आहे, पक्षी पाणी पीत आहेत, मेंढरे चरत आहेत. आणि सर्वांत तळाशी, गुहेत, मरीया मग्दालीया पहुडली आहे. ती पापिणी होती असे शुभवर्तमानात कुठेही लिहिलेले नाही. परंपरेने तिला तसे ठरवले. कारागिराने तिला डोंगराबाहेर ठेवले नाही. ती त्या मुलाच्या बरोबर खाली आहे, त्याच्याच कळपात.