यादी झाका, हिशोब उघडा



हुरड्यात आलेली ज्वारी रानडुकरांचा कळप एका रात्रीत भुईसपाट करतो. कपाशीचे कोवळे शेंडे रोही आणि हरणे खुडून नेतात. किनवट-माहूरच्या जंगलाकडेला हे जसे चालते, तसेच लातूरच्या उघड्या माळावरही चालते. राखणीसाठी ठासणीची बंदूक मागणारा कोरडवाहू शेतकरी आणि कमरेला पिस्तूल लावून मिरवू पाहणारा पुढारी, दोघांचेही अर्ज जिल्हाधिकारी कचेरीतच जातात. त्यातला कोणाचा पुढे सरकतो आणि कोणाचा धूळ खात पडतो, हे सांगायला ज्योतिषी नको.

शेजारच्या बीड जिल्ह्याकडे पाहा. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा निर्घृण खून झाला. त्यानंतर बोभाटा झाला, तेव्हा लोकांना कळले की त्या एका जिल्ह्यात बाराशेच्या वर शस्त्रपरवाने वाटलेले आहेत. गुन्हे दाखल असलेली माणसेही त्या परवानाधारकांत निघाली. मग धावपळ होऊन शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. पण हे परवाने देताना चौकशी केली कोणी?

चौकशीचा कायदा आहे, आणि तो वाईट नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ प्रमाणे अर्ज आला की जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागवावा लागतो. २०१६ च्या नियमांनी त्या अहवालाला ३० दिवसांची मुदत घातली. त्याच कलमात पीक संरक्षणाचे नाव घेऊन सांगितले आहे की, खऱ्या गरजेसाठी ठासणीची बंदूक मागितली आणि नाकारण्याजोगे काही कारण नसले तर परवाना द्यावा. ठासणीच्या बंदुकीने भागत नसेल तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. कलम १४ तर म्हणते की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून कोणालाही परवाना नाकारू नये. नाकारला तर कारण लेखी नोंदवावे. अर्जदाराने मागितले तर ते त्याला द्यावे, सार्वजनिक हिताच्या आड येत असेल तेवढाच अपवाद. कलम १८ खाली अपीलही आहे. किती जणांना आजवर हे कारण कागदावर मिळाले? आपल्याला मिळते ते तोंडी उत्तर: ‘साहेब दौऱ्यावर आहेत.’

कोणी म्हणेल, बंदूक हा हक्कच मागा. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने, नियमांच्या अधीन राहून, शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला होता. इंग्रजांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याचा तो राग होता. पण १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामथ यांनी तीच मागणी मांडली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती मानली नाही. सर्वांना हक्क दिला तर गुन्हेगारालाही तो द्यावा लागेल, हे त्यांचे म्हणणे बिनतोड होते. तेव्हा चौकशी हवीच. पण ती माणसाच्या वर्तनाची हवी, वशिल्याची नको. दंगा, खंडणी, बायकोला मारहाण, दारू पिऊन दहशत, हे तपासा. कोणत्या गटाचा आहे, कोणत्या आमदाराची चिठ्ठी आणली, हे तपासू नका.

आता दुसरी बाजू. परवाना घेतलेल्या माणसाचे नाव, पत्ता, हत्याराचा क्रमांक सरकारकडे असतोच. २०१२ पासून देशभराची एकच संगणकीय नोंद सुरू झाली आणि प्रत्येक परवान्याला क्रमांक मिळाला. अमेरिकेत याच्या उलट. तिथे परवानाधारक दुकानदाराकडून बंदूक घेताना गुन्ह्याची नोंद तपासतात. माणूस पास झाला की त्या तपासणीतली त्याची ओळख २४ तासांत पुसावी लागते. देशभराची यादी करायला केंद्र सरकारला कायद्यानेच मनाई आहे. आपण तिथवर जायचे कारण नाही. सरकारने जरूर जाणावे. पण साऱ्या पंचक्रोशीने जाणावे काय?

डिसेंबर २०१२ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या एका वर्तमानपत्राने परवानाधारकांची नावे आणि घरे नकाशावर छापली. एवढा ओरडा झाला की जानेवारी २०१३ मध्ये तिथल्या राज्याने नाव गुप्त ठेवण्याची सोय कायद्यात केली. एवढे लांब कशाला? किनवटला लागून असलेल्या त्या वेळच्या आंध्रात नक्षलवाद्यांनी गावोगावच्या परवानाधारकांच्या बंदुका काढून नेल्या होत्या. कोणत्या घरात बंदूक आहे हे कळले की चोराचे निम्मे काम झाले. शेतवस्तीवर एकटे राहणाऱ्या कुटुंबाला त्या बंदुकीचा आधार वाटण्याऐवजी तिचीच राखण करावी लागेल. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमुखाने सांगितले. तो हक्क धोतर-पटक्यालाही आहे.

मात्र सावध असा. उद्या पुढारीही याच हक्काच्या आड लपतील. ‘खाजगी माहिती आहे’ म्हणत कचेरी सगळीच दारे लावून घेईल. बीडचा कारभार उघडा पडला तो आकड्यांमुळे. किती अर्ज आले, किती मंजूर झाले, पिकासाठी किती आणि स्वसंरक्षणासाठी किती, गुन्हे दाखल असताना किती दिले, हा आकडा कोणाचीही खाजगी मालमत्ता नाही. तो जनतेचा हिशोब आहे.

निवडणुकीतले हत्यार जमा करणेही असेच. विधानसभेची निवडणूक २०१९ मध्ये ऑक्टोबरात झाली आणि २०२४ मध्ये नोव्हेंबरात, म्हणजे ऐन पिकाच्या दिवसांत. गोव्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की सरसकट हुकूम काढू नका, प्रत्येक परवान्याचा वेगळा विचार करा. निवडणूक आयोगानेही २००९ मध्ये तशा सूचना दिल्या. तरी सरसकट फर्मान सुटते, तेव्हा चोर सोडून संन्याशाला फाशी होते.

एक गोष्ट मनात पक्की ठेवा. परवाना मिळाला म्हणजे जनावर मारायची मुभा मिळाली असे नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वनखात्याची परवानगी वेगळी लागते, आणि काळवीट तर पहिल्या अनुसूचीत आहे. पण कायदेशीर वाट बंद केली की माणूस कुंपणात वीज सोडतो. त्या तारेला डुकराआधी शेजाऱ्याचे पोर चिकटते. परवाना अडवणाऱ्या कचेरीच्या हिशोबात ते मरण कुठेच लिहिले जात नाही.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे चार मागण्या ठेवत आहे. एक, पीक संरक्षणाच्या अर्जाचा निकाल मुदतीत आणि नकाराचे कारण लेखी. दोन, दर तीन महिन्यांनी तालुकावार आकडे कचेरीच्या फलकावर. तीन, परवानाधारकाचे नाव आणि गाव फलकावर नको, कोणाच्या हाती नको. चार, निवडणुकीत प्रत्येक परवान्याचा वेगळा विचार.

ज्यांचे अर्ज पडून आहेत त्यांनी बैठकीला येताना अर्जाची पोहोच आणावी. नावे आपण मोठ्याने वाचणार नाही. फक्त मोजणार आहोत.