चार मीटर आणि एक लाल स्टूल

मागच्या रविवारी आमच्या सोसायटीत एक नवीकोरी गाडी आली. कंपनीचं नाव घेत नाही, पण पार्किंगमध्ये बघाल तर दर तिसरी गाडी तशीच दिसेल. हार, नारळ, चाकाखाली लिंबू, सगळं साग्रसंगीत झालं. मग गाडीच्या मालकाने, म्हणजे माझ्या शेजाऱ्याने, डिकीतून एक लाल प्लॅस्टिकचं स्टूल काढून मागच्या दारापाशी ठेवलं. त्यावर पाय देऊन, एका हाताने दार आणि दुसऱ्या हाताने नातवाचा खांदा धरून त्याची आई गाडीत चढली. बसली नाही, चढली. एसटीत चढतात तशी.

"काय बघून घेतलीस रे?" मी विचारलं.
"फॅमिलीसाठी घेतली यार. रोड प्रेझेन्स बघ ना!"

आता मंडळी, रोड प्रेझेन्स म्हणजे रस्त्यावरच्या परक्या माणसांना आपली गाडी कशी दिसते ते. यात फॅमिली कुठे आली? फॅमिली आत बसलेली असते, तिला गाडी बाहेरून दिसतच नाही! :-)

मी पेशाने कोड लिहितो, त्यामुळे खोड अशी की आधी रिक्वायरमेंट बघायची. आपल्याकडच्या कुटुंबाची रिक्वायरमेंट काय? गुडघे कुरकुरणारी दोन माणसं. मे महिन्यात गावाला जाताना चार बॅगा, आणि येताना त्याच चार बॅगा, वर आंब्याची पेटी, एक फणस आणि "राहू दे रे, लागतं" म्हणून कोंबलेली लोणच्याची बरणी. म्हणजे सहज बसता येईल अशी सीट, रुंद उघडणारं दार आणि मोठी डिकी. शेजाऱ्याच्या गाडीत या तिन्हींच्या नावाने बोंब. सनरूफ मात्र आहे. पुण्याच्या उन्हात सनरूफ! असो.

हे असं का झालं, त्याचं कारण एक हार्डकोडेड आकडा आहे. ४०००. २००६ च्या बजेटमध्ये ठरलं की गाडीची लांबी ४००० मिलिमीटरच्या आत, इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसी आणि डिझेल असेल तर १५०० सीसीच्या आत असेल, तर ती 'छोटी गाडी', आणि तिच्यावर अबकारी कर २४ ऐवजी १६ टक्के. हेतू चांगला होता, छोट्या गाड्या बनाव्यात, स्वस्त व्हाव्यात. पण कुठल्याही सिस्टीममध्ये असा आकडा ठोकून बसवला की सगळे त्या आकड्यालाच खेळवतात. २००८ मध्ये इंडिगोची शेपटी छाटून इंडिगो सीएस आली. २०१२ मध्ये डिझायरची छाटली. मग २०१३ मध्ये इकोस्पोर्ट आली, २०१६ मध्ये ब्रेझा, आणि कंपन्यांना साक्षात्कार झाला की शेपटी छाटलेली गाडी बावळट दिसते, पण तीच उंच करून चाकांभोवती काळं प्लॅस्टिक लावलं की 'एसयूव्ही' दिसते! लांबी वाढवता येत नाही, इंजिन तर पुढे हवंच, पुढच्या माणसाला पायही पसरायचे असतात. मग कात्री कुठे लागणार? मागे. तुमच्या फणसावर.

२०१७ ला जीएसटी आला, आकडा तोच. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले, छोट्या गाडीला १८ टक्के, बाकीच्यांना ४०. आकडा तरीही तोच. लेगसी कोडला हात लावायला सगळेच घाबरतात, अगदी सरकारसुद्धा.

पण सगळं खापर सरकारवर फोडून मोकळं व्हायचं नाही. आपणही कमी नाही. टाटांनी इथेच पुण्यात १९९१ मध्ये सिएरा काढली आणि पुढच्याच वर्षी इस्टेट. सिएरा तीन दारांची, मागे वाकडी काच, तीही न उघडणारी. विचित्र पण प्रामाणिक गाडी, मी फॅमिलीची आहे असा दावा तिने कधी केला नाही. फॅमिलीची होती ती इस्टेट. अर्धं घर मागे टाका आणि निघा. लोकांनी पाठ फिरवली. त्यानंतर बलेनो अल्टुरा, कोर्सा स्विंग, २००४ ची इंडिगो मरिना... एकूण एक आपटल्या. का? तर मागून "अँब्युलन्ससारखी दिसते". २०२५ च्या नोव्हेंबरात सिएरा नव्या रूपात परत आली, आता पाच दारांची. इस्टेट काही परत आली नाही.

मारुतीची व्हॅन घ्या. १९८४ ते २०१९. सरकतं दार, सपाट तळ, ७९६ सीसीचं इंजिन पुढच्या सीटखाली, म्हणजे उरलेली सगळी गाडी माणसांची. पुढे नाक नसल्यामुळे धडक झाली की पहिले गुडघे ड्रायव्हरचे, हे खरंच, आणि नव्या सुरक्षा नियमांनी ती गेली याचं मला दुःख नाही. पण ती गेल्यावर तशीच सोयीची आणि सुरक्षित गाडी मागायची सोडून आपण काय मागितलं? बोनेट उंच द्या!

"अरे पण आपले खड्डे?" हा हुकमी प्रश्न. अँबॅसिडरने अख्खा देश खड्ड्यांतूनच पाहिला, तिला कोणी एसयूव्ही म्हटलं नाही. पद्मिनीने मुंबईच्या पावसाळ्यात वीस-वीस वर्षं टॅक्सी म्हणून काढली, शेवटची २००३ ला नोंदवलेली, ती २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. आणि तुमच्या या चार मीटरच्या बहुतेक 'एसयूव्हीं'ना फोर व्हील ड्राइव्ह नसतो हो. फक्त पुढची दोन चाकं फिरतात. चिखलात अडकली तर ट्रॅक्टरच बोलवायचा.

माझ्याकडे जुनी अर्टिगा आहे. पांढरी. घेतली तेव्हा ऑफिसातला एक जण म्हणाला, "टुरिस्टची गाडी घेतलीस?" वॉचमनने तर सरळ विचारलं होतं, "साहेब, ओलाला लावली का?" आमच्या बाबांनाही महिनाभर ते जरा लागलं होतं. मग त्यांच्या गुडघ्यांनी निकाल दिला.

परवा शेजाऱ्याला अचानक ऑफिसला जावं लागलं, म्हणून काकूंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी घेऊन गेलो. काकू खाली आल्या त्या स्टूल घेऊनच. मी दार उघडलं. त्यांनी सीटकडे पाहिलं, आधी टेकल्या, मग पाय आत घेतले, झालं.

"अरे, मग हे कुठे ठेवू?" त्यांनी स्टूल दाखवत विचारलं.

मागे टाकलं. जागा भरपूर होती.