अपयश आभाळाचे नव्हे

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी लातुरास आली आणि देश हळहळला. मांजरा धरण कोरडे पडले होते. पाणी भरण्याच्या ठिकाणी मार्चमध्येच जमावबंदीचे कलम १४४ लागू झाले होते. दोष अर्थातच पावसाला देण्यात आला.

परंतु पाऊस न पडणे ही आपत्ती होय. तिच्यासाठी सिद्ध नसणे हे अपयश. रेणा व मांजरा या नद्यांच्या रेणापूर परिसरात ज्वारी, तूर, हरभरा ही कमी पाण्याची पिके परंपरेने होत आली. तेथे वर्षभर पाणी पिणारा ऊस पसरला आणि विंधन विहिरी खोल खोल गेल्या. याचा दोष एकट्या शेतकऱ्यावर ढकलणे अन्यायाचे ठरेल. उसाला कारखान्याचे हमखास गिऱ्हाईक आहे. तूर मात्र अनेकदा हमीभावाखाली विकावी लागते. ज्यांनी कारखान्यांना परवाने दिले, त्यांनी पाण्याचा हिशेब का मांडला नाही?

वर्षभर आधीपासून अभ्यासाची तयारी करून घेणारा ‘लातूर पॅटर्न’ महाराष्ट्राला देणारा हा जिल्हा पाण्याच्या परीक्षेला कोरी पाटी घेऊन बसला, हीच खरी शोकांतिका!

त्याच वर्षी लोकवर्गणीतून मांजरेच्या पात्रातील गाळ निघाला. म्हणजे समाजात सामर्थ्य होते. पुढे पाऊस झाला, धरण भरले आणि पुन्हा ऊसच लागला. संकट टळताच धडा विसरणे, हेच प्रत्येक अपयशाचे मूळ आहे. त्याचे उत्तर आभाळाकडे नाही; ते पीकपद्धती ठरविणाऱ्या शासनाला आणि समाजालाच द्यावे लागेल.