विहिरीजवळचे एकर काढू नका



पोरगी इंजिनिअर झाली. आता म्हणते, "मला एम. टेक. करायचंय, कॉम्प्युटेशनल सायन्समध्ये." वडील म्हणतात, "कॉम्प्युटर शिकलीस ना? मग आणखी काय राहिलं?" आजीला लग्नाची घाई. आणि रात्री दिव्याखाली हिशेब सुरू होतो, विहिरीजवळचे एकर काढावे का?

थांबा. आधी ही विद्या काय ते ऐका.

पावसाचा अंदाज तुम्ही रोज ऐकता. तो निघतो कसा? शेताला वाफे पाडावेत तसे आभाळाचे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनातला वारा, ऊन, ओल, दाब गणितात मांडून संगणक पुढच्या घटकेची स्थिती काढतो, तिच्यावरून त्याच्या पुढची. पूर्वी आपल्याकडे हा वाफा सुमारे 12 किलोमीटरचा होता. म्हणजे तुमच्या गावाला आणि शेजारच्या चार गावांना एकच पाऊस! मे 2025 मध्ये तो 6 किलोमीटरवर आला. वाफा निम्मा, म्हणून काम दुप्पट असे समजू नका. वाफे चौपट होतात, शिवाय वेळेचे टप्पेही निम्मे धरावे लागतात. काम आठपट झाले. त्यासाठीच पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत 2024 साली 'अर्का' हा महासंगणक आला. पण यंत्र नुसते राबते. काम हजारो हातांत कसे वाटायचे, चूक कुठे शिरते, हे माणसानेच बघायचे. तेच हे शिक्षण: निम्मे गणित, निम्मे प्रोग्रॅम लिहिणे. धरणाची भिंत, औषधाचा रेणू याच रीतीने तपासतात.

हे शहरवाल्यांचेच काम, असे कुणी म्हणाले तर सांगा, 1991 साली पुण्यात 'परम' महासंगणक उभा करणारे विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे.

आता पैशाचे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत हा दोन वर्षांचा एम. टेक. आहे. वाट 'गेट' परीक्षेची. गेटच्या गुणांवर प्रवेश मिळाला, तर महिना 12,400 रुपये विद्यावेतन मिळते. चैन होत नाही, पण एकरही विकावे लागत नाही. गेटशिवाय, भली मोठी फी घेऊन प्रवेश देणारा कुणी भेटला, तर माझ्या मते त्याला चहा पाजून वाटेला लावा. गुण तीन वर्षे चालतात, तेव्हा घाई कसली?

पोरीला मात्र एक विचारा: गणित आवडते का? नुसती नोकरीच हवी असेल, तर ही दोन वर्षे तिला जड जातील.

अर्ज गणपतीच्या सुमारास निघतात. परीक्षा फेब्रुवारीत, ऐन हरभऱ्याच्या काढणीत. तेवढे दिवस तिला रानात बोलावू नका.