स्वस्त घर घेताय? आधी पाणी विचारा!

सक्करदऱ्याच्या जुन्या गल्ल्यांत दोन खोल्यांत संसार करणारी कितीतरी कुटुंबं आता हुडकेश्वर, नरसाळा, बेसा भागात घर बघताहेत. कमी पैशात नवीन फ्लॅट, मोकळी हवा, कोणाला नको? पण मैत्रिणींनो, हप्ता कोणीही भरो, पाण्याच्या टँकरची वाट बाईलाच बघावी लागते. हुडकेश्वर-नरसाळा २०१३ मध्ये महापालिकेत आले. हद्द कागदावर एका दिवसात बदलते, नळ आणि गटार यायला मात्र वर्षं लागतात.

म्हणून टोकन देण्याआधी शेजारणीला विचारा, उन्हाळ्यात पाणी येतं का? प्लॉट असेल तर सातबारा, एनए, आरएल बघा. नवीन फ्लॅट असेल तर महारेराचा नंबर मागा. मोठ्या प्रकल्पांना २०१७ पासून तो सक्तीचा आहे. हवेचं म्हणाल, तर संध्याकाळी एक चक्कर मारा. भांडेवाडीचा कचरा डेपो जवळ असला, तर नव्या घराच्याही खिडक्या बंदच ठेवाव्या लागतील.

आणि हो, घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं, तर २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ३० लाखांच्या घरावर ३० हजार वाचतात. शिवाय घरावर आपलं नाव लागतं, ते वेगळंच!