विश्लेषण : गुडघेदुखीवर लेसर की चालणे?

पणदरे परिसरात उसाची खुरपणी बहुतेक बायकाच करतात, तीही उकिडवे बसून. पन्नाशीत गुडघे दुखू लागले, की ‘रानात राबतोच, वेगळा व्यायाम कशाला?’ असा सवाल येतो. पण उकिडवे बसल्याने झिजलेल्या सांध्यावर ताण वाढतो. सपाट रस्त्यावर सलग चालण्याने मांडीचे स्नायू, दमसास सुधारतो. दोन्ही एक नव्हे.

‘बीएमजे’ने २०२५ मध्ये २१७ चाचण्यांचा आढावा छापला. त्यात १५,६८४ रुग्ण होते. चालणे, सायकल, पोहणे असे एरोबिक व्यायाम गुडघेदुखीत सरस ठरले.

मग प्रकाश उपचार? यात कमी शक्तीचा लेसर सांध्यावर सोडतात. २०१९ मधील २२ चाचण्यांच्या आढाव्यात योग्य मात्रेत वेदना कमी झाल्या. मात्रा चुकली तर फारसा फायदा नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने मात्र पुरावा अपुरा म्हणून २०२२ मध्ये लेसर नाकारला. त्यामुळे दहा बैठकांचे पैसे भरण्याआधी मात्रा विचारावीच. दुखणे कमी होऊन चालता येऊ लागले, तर लेसरचा उपयोग. चालणे टाळून नाही.

सुरुवात दहा मिनिटांनी करावी. गुडघा सुजला, गरम लागला किंवा अडकू लागला, तर आधी डॉक्टरांना दाखवावे.